घुंगरं

बहात्तरच्या होळीला कानाशी डफ वाजला तरी दोन वर्षांची जमनी झोपूनच राहिली, तेव्हा तिला ऐकू येत नाही हे डोंगरकड्याजवळच्या तांड्याला कळलं. पोर विहिरीकडं गेली तर समजावं म्हणून आईनं तिच्या चोळीवर, ऐन छातीशी, घुंगरांच्या दोन ओळी शिवल्या; चोळी लहान झाली की त्याच ओळी ती नव्या चोळीवर शिवायची.

तीन वर्षांनी आई तापानं गेली. बाप रुपलानं नांदेडहून कानाची मशीन आणली. आवाज पकडणारी डबी छातीवर लटकवायची, तिथून वायर कानात. महिना झाला तरी जमनी कुणाच्या हाकेला वळेना. मशीन फुकट गेली, असं तांडा म्हणाला. मग एक दिवस रुपलानं वायर स्वतःच्या कानात घातली आणि डबी पोरीच्या छातीवर तशीच ठेवून तिला नाचायला लावलं. घुंगरांशिवाय त्याला काहीच ऐकू आलं नाही.

त्यानं कात्री घेतली. सासू धावत आली.

"जावई, माझ्या मेलेल्या लेकीच्या हातचं हाय ते! काहून उसवून राहिलात?"

"मामी, पोर आपल्याला ऐकू यावी म्हणून होती ही घुंगरं. आता आपण तिला ऐकू आलो पायजे."

"अन् विहिरीकडं गेली तर?"

"हाक मारीन."

"बहिरीला?"

"व्हय, बहिरीला."

शेवटचं घुंगरू खाली पडलं. रुपलानं वायर पुन्हा पोरीच्या कानात घातली, तिच्या पाठीमागं गेला आणि ओरडला, "जमनी!"

ती दचकून वळली. आवाज आला, एवढं तिला कळलं. ते आपलं नाव आहे, हे तिला अजून शिकवायचं होतं.