पालकाचा अंगठा

श्रीपत गुरुजींची फाईल उघडली आणि दुसऱ्याच पानावर विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कर्जतच्या अध्यापक विद्यालयात मानसशास्त्राची तोंडी परीक्षा चालली होती. शिकायला आलेल्या प्रत्येक गुरुजीने आपल्या शाळेतलं एक मागे पडलेलं मूल निवडायचं, त्याला कसं सुधारलं ते लिहून आणायचं. बहुतेक जण मागच्या वर्षाच्या फायली उतरवून काढत. श्रीपत गुरुजींनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं. बावीस वर्षं प्रशिक्षणाशिवाय शिकवत आलेला माणूस, यंदा पास झाला नाही तर नोकरीच जाणार. म्हणून त्यांनी जिवावर उदार होऊन स्वतःच्या आठवणीतलं एक पोर कागदावर उतरवलं होतं.

'नाव : सोमी. वय : आठ. गाव : कुंभिवली. आई : ठकूबाई. बुद्धी : मंद. विचारले असता बोलत नाही. उपाय : मुलीस मांडीवर बसवून, हात धरून अक्षरे गिरवून घेतली. दिवाळीपर्यंत वाचू लागली.'

सोमी म्हणजे खुद्द विमलबाई. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा आईने पोरीचं नाव बदललं, पुढे लग्नाने आडनाव बदललं. समोर इस्त्रीच्या पातळात बसलेली परीक्षक कोण, हे गुरुजींना कळणार कुठून?

मांडीवर म्हणे. चार वर्षं या माणसाने तिला शाळेच्या पडवीत बसवलं होतं. पाटी लांबून बघायचा. छडीसुद्धा लांबून फेकून मारायचा, विटाळ नको म्हणून. आणि पोर बोलत नव्हती, कारण आत काय विचारलं ते तिला ऐकूच यायचं नाही.

बाईंनी विचारलं, मुलाला शिक्षा केली तर काय होतं? गुरुजींनी पोथी म्हणावी तसं घडाघडा सांगितलं, की भीतीने मूल मिटतं, त्याची स्मरणशक्ती खुंटते, मायेने ते उमलतं. पुस्तक त्यांना काना-मात्रेसकट पाठ होतं.

"आणि या मुलीला तुम्ही मांडीवर बसवलंत?"

"बसवली ना, बाई. लेकरूच ते."

तिथल्या तिथे नापास करता आलं असतं. पण एवढ्याने बाईंचं भागणार नव्हतं. त्यांना आपली आई आठवली. ठकूबाईच्या तोंडाला लागायची कुंभिवलीत कुणाची छाती नव्हती. या माणसाने तिच्यासमोर हे वाचावं आणि तिने भर वस्तीत त्याची सालटी काढावी, या विचारानेच बाईंना गार वाटलं. त्यांनी फाईल मिटली आणि पालकाचा अंगठा राहिलाय असं सांगितलं. कुंभिवलीला जायचं, ठकूबाईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं आणि उद्या अंगठा घेऊन यायचं. पोर जुनी आहे, आता मोठी झाली असेल, असं गुरुजी चाचरत म्हणाले. आई असेलच की, असं बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आले. फाईलवर निळा अंगठा होता. गुरुजींचं तोंड मात्र एका रात्रीत म्हातारं झालेलं होतं.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. शिळफाट्याला उतरून ते वस्तीत गेले होते. म्हातारीने घोंगडी अंथरली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मांडीवरचं तर दोनदा वाचायला लावलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग भिंतीवरचा लेकीचा पदवीचा फोटो काढून दाखवला, आमची सोमी आता कर्जतला मास्तरांना शिकवते म्हणाली. फोटो बघून गुरुजींना घाम फुटला होता.

"म्हातारी म्हणाली, पोर रोज येऊन सांगायची, गुरुजी मला जवळ बसवतात. मला वाटायचं, थापा मारते. आज तुमच्याच तोंडून आयकलं," गुरुजी म्हणाले. "आन् वाकून माझ्या पाया पडली, बाई."

ती थाप विमलबाईंचीच होती. पडवीचं कळलं असतं तर आईने शाळा सोडवली असती, म्हणून आठ वर्षांची सोमी रोज घरी येऊन तेवढं खोटं बोलायची. कालच्या रागात नेमकं हेच आठवलं नव्हतं. ज्याची सालटी निघायची त्याला चहा मिळाला, तोही त्यांच्याच जुन्या थापेवर.

गुरुजींनी हात जोडले. पास झालं की जूनपासून त्यांची नेमणूक पुन्हा कुंभिवलीलाच होती.

"मला नापास करा. नोकरी जाऊ दे. म्हातारी म्हणते, हल्ली शाळेवरनंच पाण्याला जाते, दिसाल तवा पाया पडंन. मला नाय सोसायचं ते."

हा माणूस नापास व्हायला आला होता. शिक्षा मागून घेऊन मोकळा व्हायला. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग लाल शाईचं पेन काढलं, ठळक अक्षरांत 'उत्तीर्ण' लिहिलं, खाली सही केली आणि फाईल त्यांच्याकडे सरकवली.

"पास केलंय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आणि आई वाकली, की पाय मागे घेऊ नका, गुरुजी. विटाळ मानताय असं वाटेल तिला."