पेटीतली मुलगी

लेखिकेच्या भयकथांनी तीन पिढ्यांची झोप उडवली होती. सत्काराला सभागृह तुडुंब भरलं होतं. पहिल्या रांगेत तिचे नव्वदीचे वडील कडक इस्त्रीच्या कोटात ताठ बसले होते.

एका वाचकानं विचारलं, "ताई, हट्ट केला म्हणून लेकीला पेटीत कोंडणारा आणि त्याच पेटीवर बसून निवांत जेवणारा तो बाप तुम्हाला सुचला तरी कसा?"

"कल्पना हो, दुसरं काय!" ती नेहमीसारखंच म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. वडील उठले आणि छाती फुगवून लोकांकडे वळले.

"कल्पना कसली? तो बाप मीच!"

सगळे खळखळून हसले. माईकवरची तिची बोटं पांढरी पडली.

"खरंच सांगतोय," वडील कौतुकानं म्हणाले, "उलट पोरीनं बरंच हातचं राखून लिहिलंय."