कधीच न रडलेली पोरगी

“कोणी मानणार नाही उन्नती, आधीच सांगून ठेवतो. पण तू जन्मली ना, तं रडलीच नाही,” भैयाजी सहा वर्षांच्या नातीला सांगत होते.

दाराआडच्या खोलीत उन्नतीची आई, मयुरा, डोळे मिटून पडली होती. मे महिना, पंचेचाळीसचं ऊन, आणि कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मालिशवाल्या कांताबाईने कूलर बाहेरच्या खोलीत काढायला लावला होता. आत ओव्याच्या धुरीचा वास कोंडला होता. कांताबाई बाळाला न्हाऊ-माखू घालून गेली की ते तासभर झोपायचं. चोवीस तासांतला तेवढाच एक तास मयुराचा. तो सुनेला मिळावा म्हणून भैयाजी नातीला दाराबाहेर धरून ठेवत, आणि धरून ठेवायला त्यांच्याजवळ थापांशिवाय दुसरं काही नव्हतं.

“दवाखान्यात नर्सबाई सुई घेऊन आली. तू म्हणते, बाई, दुसऱ्या दंडालेही आताच टोचून टाका, पुन्हा चक्कर नको.”

“मी बोलत होती?”

“तं काय! आठव्या दिवशी आपलं दुपटं आपणच धुतलं. दोरी उंच, तं मले म्हणे, आबाजी, जरा स्टूल सरकवा इकडे. सव्वा महिन्याची झाली अन् बर्डीच्या बाजारातून संत्री निवडून आणली. मी आणली होती ते आंबट म्हणून गाईले घातली.”

मयुराला हसू आलं, पण हसायलाही अंग उठेना. झोपेची पहिली गुंगी चढत होती.

“अन् मी आईच्या कुशीत झोपत होती का?”

“तुले गरजच नव्हती वं! तू म्हणे, मी मोठी आहो.”

कूलर घरघरत राहिला. बाळ झाल्यापासून, गेले एकोणीस दिवस, उन्नती खरंच रडली नव्हती. येणारा-जाणारा तिच्या डोक्यावरून हात फिरवून ‘किती शहाणी’ म्हणायचा. मयुरालाही ते सोयीचं होतं. चला, एकीची तरी काळजी नाही.

“आतापण मी नाही रडत, आबाजी,” उन्नती हळूच म्हणाली. “काल गच्चीवरून बाळाचे लंगोट आणले ना, तं पायात चप्पल नव्हती. हे पाहा, फोड आले. तरी नाही रडली.”

भैयाजी थापेच्या मध्येच अडखळले, असं पहिल्यांदा झालं. “अवं बाई! सांगितलं काहून नाही कोणाले?”

“आई झोपून राहिली होती.”

मयुराचे डोळे उघडले. शेजारी बाळाने आत्ताच कुठे मूठ सैल सोडली होती. आवाज केला की उठणार, आणि उठलं की आजचा तास गेला.

“तू आहेच तशी,” बाहेर भैयाजी सावरायला पाहत होते, पण आवाज उतरला होता. “जन्मापासून एक थेंब नाही डोळ्यात…”

“खोटं बोलून राहिले तुझे आबाजी!” मयुरा आतून ओरडली. बाळ दचकून उठलं, रडायला लागलं. ती थांबली नाही. “साफ खोटं, उन्नती! तू याच्याहून जास्त रडत होती. तीन महिने रडली. खाली ठेवलं की रडे, म्हणून मी तुले खाली ठेवलंच नाही!”