डावखुरा शिक्का

निजामाची टपाल तिकिटं बंद झाली आणि ती जमवणाऱ्या सोनपेठच्या काशीनाथ गुरुजींनी नवाच नाद लावून घेतला. स्वतःचा पत्ता घातलेलं रिकामं पाकीट ते महायुद्धात लढलेल्या, आरमाराच्या एका विनाशिकेवर धाडत. जहाजाच्या टपालाचा शिक्का बसून ते परत आलं, की संग्रहात ठेवत. शिक्का मात्र दरवेळी तिरपा, डावीकडं कललेला. गुरुजी चरफडत.

"माझा मल्हारी डावखुरा हाय, गुरुजी," शेरडं राखणारी भागुबाई कौतुकानं म्हणे. जहाजावर शिक्के मारायचं काम तिच्याच लेकाकडं होतं. "घरी कागद धाडायचा लय कटाळा त्याला. तुमचं पाकीट आलं, की आमाला खुशाली कळती."

यंदा पाकीट येईना. टपालाची मोटार यायच्या वेळेला दोघंही फाट्यावर येरझाऱ्या घालत. अखेर एकदाचं ते आलं. शिक्का सरळ, ठसठशीत, एक अक्षर पुसट नाही! गुरुजी हरखले.

"बघा भागुबाई, शिक्का असा पाहिजे!"

तिनं पाकीट हातात घेतलं. त्या सरळ शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"मंग माझा मल्हारी कुटं हाय, गुरुजी?"