तीन जिन्यांवरचं आकाश

“रोज उगवता सूर्य बघत जा, दिसेल त्या रात्री चंद्रही बघ. आता माझ्या वाटचंही तूच बघायचं.” सासऱ्यांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी आठ वर्षं गच्चीचे तीन जिने चढून तो शब्द पाळला.

मग कंबरेचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. खिडकीसमोर नुसती शेजारची भिंत. “आई, तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी रोज वर जाऊन शूटिंग करून आणतो,” माझे यजमान म्हणाले. तेव्हापासून हँडीकॅमच्या छोट्याशा पडद्याला दोन्ही वेळा हात जोडूनच त्या घास घेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, “लेक माझ्यासाठी रोज तीन जिने चढतो हो.”

महिनाभराने त्या काठी टेकत खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकू लागल्या, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. “सूनबाई, खरं सांग. तो वर किती वेळा गेला गं?”

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. गप्प राहिलं की तो पाळला जातो, असं मी समजत होते. मी मान खाली घातली.

“अगं, आज अमावास्या,” पांघरूण सावरत त्या हळूच म्हणाल्या, “आणि आत्ताच त्याने मला अख्खा गोल चंद्र दाखवला.”



पहाटे त्यांच्या अंथरुणाची नीट घडी घातलेली होती, आणि जिन्यात काठीचा आवाज एकेक पायरी वर चढत होता.