उदयपूर की पाँडिचेरी

राजारामपुरीतल्या स्टुडिओत फोटोग्राफरनं लॅपटॉप आमच्याकडं वळवला. "बोला पावणं, लग्नाआधीचं फोटोशूट उदयपूरला करायचं की पाँडिचेरीला?" "पाँडिचेरीला," मी म्हणाले. "मला समुद्र लई आवडतो." टेबलाखाली होणाऱ्या नवऱ्यानं माझं मनगट धरलं. आई शेजारीच बसलेली, म्हणून मी लाजले. पण पकड घट्ट होत गेली. तो फोटोग्राफरकडं बघून हसत होता. साखरपुड्यात भरलेली हिरवी बांगडी पिचली, काच आत रुतली. "उदयपूरच बरं," मी कसंबसं म्हणाले. हात सुटला. "आमचं एकमतच असतंय की!" तो म्हणाला. आईनं वाकून काचा वेचल्या. "बांगडी वाढली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग माझ्या मनगटाला रुमाल गुंडाळत कुजबुजली, "फोटोसाठी लांब बाह्यांचेच ब्लाउज शिवू." भर मे महिन्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत का असतात, हे मी कधीच विचारलं नव्हतं.