बारावं प्रकरण

"नावं तेवढी बदला, परमेश्वरराव," रवि म्हणाला. "बाकी एका शब्दाला हात लावू नका."

बीडच्या रविच्या लहानशा छापखान्यात टेबलावर प्रुफांचा गठ्ठा पडला होता. परमेश्वरचं हे पहिलंच पुस्तक. पुण्याच्या तीन प्रकाशकांनी साधं उत्तरही दिलं नव्हतं. रविने मात्र वही एका बैठकीत वाचून फोन केला, तेव्हा परमेश्वर मेंढरं तशीच सोडून बांधावर मटकन बसला होता.

"नावं बदलली तर ते माझ्या भावाचं पुस्तक राहत न्हाई," तो म्हणाला. "यातलं एक वाक्य खोटं नाही. पाहिजे त्याला विचारा."

पुस्तकाचं नाव 'अंगद'. सात वर्षांपूर्वी तलवाड्याच्या गायरानावर मेंढरं चारण्यावरून बोलाचाली झाली आणि त्रिंबकने अंगदच्या मानेत कुऱ्हाड घातली. पाहणारे सात जण होते. कोर्टात सातही फिरले. त्रिंबक सुटून आला त्या दिवशी त्याच्या गळ्यात हार पडले. परमेश्वरने अकरा प्रकरणांत सगळं मांडलं होतं. घाव कुठं बसला, रक्त कुठल्या बाभळीपर्यंत गेलं, कोण पळालं, कोण नुसतं बघत राहिलं.

साखराबाईला, त्याच्या आईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पुस्तकात काय आहे ते तिला ठाऊक होतं.

"छापू नगं, परमेसर. त्यो तुलाबी तोडंल. मला आता येकच हाय."

"अंगदासाठी कुनीच बोललं न्हाई, माय. मीबी गप बसू?"

तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली. ती करपल्यावरच साखराबाई भानावर आली.

चौथ्या दिवशी तो तपासलेली प्रुफं घेऊन बीडला निघाला. ऊन डोक्यावर आलं होतं. कालव्याच्या पुढच्या वळणावर एक मोटारसायकल आडवी लावलेली. तोंडाला रुमाल बांधलेल्या तिघांनी त्याला गाडीवरून खाली ओढलं. एक जण छातीवर गुडघा रोवून बसला.

"लिवतोस कंच्या हातानं?"

परमेश्वरच्या बोटावरच्या शाईनेच उत्तर दिलं.

त्यांनी उजवा हात रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला. एकाने लोखंडी पाइप उचलला.

"डोस्क्याला लावू नको बे," दुसरा म्हणाला.

पहिल्या घावाला बोटं मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. तिसऱ्याला तो ओरडायचा थांबला. पाचव्यानंतर तळहात कुठे संपतो नि दगड कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं.

"पुस्तक बंद. न्हाईतर पुढच्या खेपंला जीभ काढू."

प्रुफं कालव्यात गेली. जाताना मात्र त्यांनी त्याची गाडी उचलून कडेला उभी केली आणि एकाने स्वतःच रुग्णवाहिकेला फोन लावला. आपल्याला मारायचं नाही, गावाला दहशत बसावी म्हणून जितं ठेवायचं आहे, असं परमेश्वरला वाटलं. त्यातच त्याची शुद्ध हरपली.

रुग्णवाहिका गेवराईच्या दवाखान्यात पोचली तेव्हा साखराबाई अनवाणी फाटकात उभी होती. रक्ताने भिजलेलं फडकं पाहून तिने तोंडात पदर कोंबला.

"आता तरी बास कर," एवढंच ती म्हणत राहिली. "आता तरी बास कर रं."

दोन बोटं कापावी लागली. संशय कुणावर, असं पोलिसांनी विचारलं. त्रिंबक, असं परमेश्वरने सांगितलं.

आठ दिवसांनी रवि भेटायला आला. परमेश्वरने त्याला फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं आणि बारावं प्रकरण सांगितलं. त्रिंबकची माणसं, त्रिंबकची धमकी, त्रिंबकने मोडलेला हात. साखराबाई खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होती. मध्येच उठून बाहेर गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

पुस्तक निघालं. पाचशे प्रती महिन्यात संपल्या. पेपरवाल्यांनी बारावं प्रकरण जसंच्या तसं छापलं. पोलिसांनी त्रिंबकला दोन दिवस बसवून घेतलं. हार घालणारे आता त्याचं नाव निघालं की तोंड फिरवू लागले.

सुटल्यावर तो घरी गेलाच नाही. सरळ परमेश्वरच्या मेंढवाड्यावर आला. एकटाच. हातात पुस्तक. परमेश्वर डाव्या हातात कुऱ्हाड धरून बाभळीचे डहाळे तोडत होता.

"अंगदाला म्या मारलं," त्रिंबक म्हणाला. "त्ये लिवलंस, लिव. धा येळा लिव. पन तुझ्या हाताला म्या शिवलोबी न्हाई. ह्ये खोटं का म्हून लिवलं बे?"

सात वर्षं ज्यासाठी परमेश्वर झुरला, ती कबुली समोर उभी होती. पण त्याच्या कानात एकच शब्द घुसला.

"खोटं?"

"आख्खं बारावं खोटं हाय. उद्या कोर्टात त्ये खोटं ठरू दे. मंग लोक म्हनतील, आदीची अकराबी तसलीच..."

कुऱ्हाड डाव्या हाताने वाकडीच बसली, खांद्यात. त्रिंबक गुडघ्यावर आला. त्याने पुस्तक तोंडापुढे धरलं. दुसरा घाव पुस्तक फाडून गळ्यात गेला. तिसऱ्याची गरज नव्हती. तोही परमेश्वरने घातला. मेंढरं बिथरून काटेरी कुपाटीला जाऊन भिडली.

साखराबाई धावत आली. त्रिंबकचे उघडे डोळे पाहून तिथेच चिखलात बसली.

"फिटलं, माय," परमेश्वर धापा टाकत म्हणाला. "अंगदाचंबी फिटलं, माझ्या हाताचंबी."

तिने त्याचा तो थोटा हात ओढून छातीशी धरला.

"हाताचं त्याच्यावर टाकू नगं, परमेसर. ती तिघं म्या धाडली व्हती."